रिव्हरवर कॉल करावा की नाही: दोन डावांच्या निमित्ताने पोकरमधल्या निर्णयाविषयी

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो. तुम्ही दिवाळीतल्या तीन पत्तीतून पोकरकडे आलात. सध्या फुकटच्या चिपांवर ऑनलाइन टेक्सस होल्डेम खेळता: प्रत्येकाच्या हातात दोन पानं आणि मधे सगळ्यांची सामाईक पाच (पहिली तीन फ्लॉप, चौथं टर्न, पाचवं आणि शेवटचं रिव्हर). नियम पाठ आहेत, कुठला हात कशावर चढतो तेही पक्कं आहे. पण समोरून मोठी बेट आली की बोट आपसूक कॉलवर (तेवढीच रक्कम भरण्यावर) जातं आणि बहुतेक वेळा समोरचा वरचढ हात दाखवून पॉट (मधे जमलेली रक्कम) घेऊन जातो. कॉल कधी, रेज (रक्कम वाढवणं) कधी, फोल्ड (हात सोडणं) कधी, हे ठरवायची काही रीत आहे का, असं तुम्ही विचारलंय आणि सोबत दोन डाव पाठवलेत. मी इंग्लंडमध्ये राहतो. इथे परवाना असलेल्या साइटवर सहा जणांच्या टेबलांवर बरीच वर्षं खेळतोय आणि नव्याने खेळणाऱ्यांना शिकवतोही. त्यामुळे रीत सांगतोच, पण तुमच्या डावांच्या आधाराने सांगतो. नुसते नियम पाठ करून टेबलावर काही हाती लागत नाही.

आधी सवयीचं मूळ बघू. तीन पत्तीत चाल ठरते ती आधीच्या चालीवरून, पॉटवरून नाही. पॉट फुगत जातो आणि चाल त्या मानाने लहानच राहते. तिथे मधलासधला हात घेऊन टिकून राहणं पुष्कळदा परवडतं. नो-लिमिट होल्डेममध्ये तसं नसतं. इथे बेट करणारा हवी ती रक्कम लावू शकतो, म्हणजे तुमच्या कॉलची किंमत तो ठरवतो. तीन पत्तीतला माणूस इथे आला की 'माझा हात चांगला आहे का?' एवढंच स्वतःला विचारतो. तो प्रश्न अर्धाच आहे. पूर्ण प्रश्न असा: या किमतीला, या माणसाने अशा रीतीने खेळलेल्या डावात, माझा हात किती वेळा पुढे असेल?

किंमत काढणं सोपं आहे. जितके द्यायचे ते, भागिले तुम्ही दिल्यानंतर पॉटमध्ये एकूण होणारी रक्कम. पॉट १,००० आहे आणि समोरच्याने ५०० लावले, तर तुम्ही ५०० दिल्यावर पॉट २,००० होतो. ५०० भागिले २,००० म्हणजे २५ टक्के. चारातून एकदा जरी तुमचा हात पुढे असला तरी कॉल बरोबरीत सुटतो. पॉटएवढी बेट असेल तर ३३ टक्के लागतात, पॉटच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी असेल तर २०, पॉटच्या दुप्पट असेल तर ४०. एवढे चार आकडे पाठ करा, बाकीचे त्यांच्या मधे कुठेतरी पडतात. बेट आली की हाताकडे परत बघायच्या आधी हा आकडा मनात यायला हवा. मी शिकवताना पहिले काही दिवस हाच सराव घेतो आणि तो कंटाळवाणा असला तरी सोडत नाही, कारण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे.

आता तुमचा पहिला डाव. ब्लाइंड, म्हणजे पानं वाटण्याआधी भरायच्या सक्तीच्या रकमा, ५०-१०० (५० भरणारा स्मॉल ब्लाइंड, १०० भरणारा बिग ब्लाइंड), दोघांकडे दहा-दहा हजार. तुम्ही बटनवर (फ्लॉपनंतर सगळ्यांत शेवटी बोलायच्या जागी), हातात बदामाचा एक्का आणि किल्वरची राणी. तुम्ही २५० केले, बिग ब्लाइंडने कॉल केला. पॉट ५५०. फ्लॉप: चौकट राणी, इस्पिक अठ्ठी, इस्पिक सत्ती. त्याने चेक केलं (काही न लावता पाळी पुढे दिली), तुम्ही २७५ लावले, त्याने कॉल केला. पॉट १,१००. टर्नला किल्वरची तिर्री. त्याचा चेक, तुमचे ७००, त्याचा कॉल. पॉट २,५००. रिव्हरला इस्पिकचा गुलाम पडला आणि आतापर्यंत गप्प असलेल्या माणसाने स्वतःहून २,००० लावले. तुम्ही लिहिलंय, 'वरची जोडी, एक्का किकर, सोडवेना म्हणून कॉल केला. त्याने इस्पिकचा एक्का-पंजी दाखवली.'

रिव्हरपर्यंतचं तुमचं खेळणं उत्तम आहे. फ्लॉपला अर्ध्या पॉटची आणि टर्नला जरा मोठी बेट मीही केली असती. प्रश्न शेवटच्या कॉलचा आहे. किंमत काढा: २,००० द्यायचे, पॉट होणार ६,५००. म्हणजे ३१ टक्क्यांच्या जवळ. दहातून तीनदा तुमचा हात पुढे असायला हवा. आहे का?

हे अंदाजाने न सांगता मोजून सांगता येतं. पत्त्यांच्या कॅटमधून दोन पानं १,३२६ वेगवेगळ्या प्रकारे येतात. कुठलीही ठरावीक जोडी, समजा राजांची, सहा प्रकारे येते. एक्का-राजासारखी दोन वेगळी पानं सोळा प्रकारे येतात: चार एकाच रंगाची, बारा वेगवेगळ्या रंगांची. या एकेका प्रकाराला आम्ही कॉम्बो म्हणतो. समोरच्याकडे नेमकं काय आहे ते कधीच कळत नाही, पण तो ज्या वाटेने इथवर आला त्या वाटेवर कुठले कॉम्बो टिकतात ते मोजता येतं.

बिग ब्लाइंडला २५० ला कॉल करून, फ्लॉपला आणि टर्नला टिकून, या रिव्हरला मोठी बेट कोण करेल? आधी फ्लश, म्हणजे एकाच रंगाची पाच पानं. इस्पिकचा एक्का आणि सोबत दश्शी, नव्वी, छक्की, पंजी, चौकी, तिर्री किंवा दुर्री: सात. एक्का-राजा, एक्का-राणी त्याने फ्लॉपच्या आधीच वाढवले असते, म्हणून धरत नाही. इस्पिकचा राजा आणि दश्शी, नव्वी, छक्की किंवा पंजी: चार. राणी-दश्शी, राणी-नव्वी: दोन. दश्शी-नव्वी, नव्वी-छक्की, छक्की-पंजी, पंजी-चौकी: चार. झाले सतरा. मग स्ट्रेट (ओळीने पाच पानं): गुलामाने दश्शी-नव्वीची ओळ पूर्ण केली. दोन्ही इस्पिकची असतील तो कॉम्बो वर मोजलाय, उरले पंधरा. एकूण बत्तीस. यात राणी-गुलामासारखे टू पेअर (दोन जोड्या) मी धरलेलेच नाहीत.

आता दुसरी बाजू. तुम्ही जिंकणार ते तो ब्लफ करत असेल तेव्हाच, आणि ब्लफ करायला त्याच्याकडे हुकलेला ड्रॉ (एका पानासाठी अडलेला फ्लश किंवा स्ट्रेट) हवा. या डावात हुकलंय काय? इस्पिकचा ड्रॉ लागला. दश्शी-नव्वी लागली. उरतात छक्की-पंजी आणि नव्वी-छक्की, एकाच रंगाची पण इस्पिक सोडून: तीन आणि तीन, सहा कॉम्बो. त्याने हे सहाच्या सहा ब्लफ म्हणून लावले असं मानलं तरी अडतीसमधून सहा वेळा तुम्ही जिंकता. साडेपंधरा-सोळा टक्के. हवे होते एकतीस. हिशेब पुढे नेला तर असा प्रत्येक कॉल सरासरी ९७० च्या आसपास चिपा घालवतो. तेव्हा तुमचा हात चांगला होताच, किंमत चुकीची होती. फोल्ड.

डाव तोच ठेवा, फक्त रिव्हरला इस्पिकच्या गुलामाऐवजी बदामाची दुर्री पाडा. त्याने तसेच २,००० लावले. किंमत तीच, ३१ टक्के. पण आता जिंकणारे हात किती? अठ्ठी, सत्ती, तिर्रीचे सेट (तीन सारखी पानं) मिळून नऊ, अठ्ठी-सत्तीचे एका रंगातले तीन, राणी-अठ्ठीचा एक. तेरा. आणि हुकलेले ड्रॉ? इस्पिकचे सगळे, दश्शी-नव्वीचे सगळे, वरचे सहा. पस्तीसच्या पुढे जातात. तेरा जिंकणाऱ्या हातांसमोर कॉल बरोबरीत आणायला सहा ब्लफ पुरतात. म्हणजे दर सहा हुकलेल्या ड्रॉंमागे एक जरी त्याने लावला तरी तुमचं भागतं. इथे राणीच्या जोडीवर मी फार वेळ न घालवता कॉल करतो. हात तोच, बेट तीच, माणूस तोच, एका पानाने उत्तर फिरलं. म्हणून 'टॉप पेअर (वरची जोडी) असेल तर कॉल करावा का?' या प्रश्नाला मी कधी उत्तर देत नाही. कुठल्या पानांवर, कुठल्या वाटेने, किती किमतीला, हे कळल्याशिवाय उत्तर नसतंच.

टेबलावर बसून एवढं कोण मोजणार, अशी शंका तुम्हाला येणार. डाव चालू असताना इतकं बारीक कोणीच मोजत नाही. मोजायचं डाव संपल्यावर, हँड हिस्टरी (साइटवरची डावाची नोंद) उघडून, वहीत. आठवड्यातले अवघड वाटलेले चार-पाच डाव असे मोजलेत की दोन-तीन महिन्यांत नजर बसते. मग रिव्हरचं पान पडताक्षणी 'सगळे ड्रॉ लागले' किंवा 'सगळे ड्रॉ हुकले' एवढं दिसतं आणि तेवढं बहुतेक वेळा पुरतं.

या डावाची आणखी एक बारीक गोष्ट. तुमचा एक्का बदामाऐवजी इस्पिकचा असता तर? मग एक्क्याचे सातही फ्लश त्याच्याकडे असूच शकत नाहीत, कारण ते पान तुमच्या हातात आहे. जिंकणारे हात बत्तीसवरून पंचवीसवर येतात आणि साधारण अकरा ब्लफ लागतात. सहाच आहेत, म्हणून फोल्डच. पण समोरचा ब्लफ सढळ हाताने करणारा असेल तर पहिला कॉल या हाताने करायचा. आपल्या हातातलं पान समोरच्याचे कुठले हात कापतं, हे बघायची सवय लावा. याला ब्लॉकर म्हणतात, आणि दोन सारख्या दिसणाऱ्या हातांतून एक कॉल, एक फोल्ड निवडायचा असेल तर निवड यावरच होते.

रेजचं तुम्ही विचारलंच नाहीत, पण खरी उणीव तिथे आहे. तुमच्या दोन्ही डावांत कोणी बेट केली की तुमच्यापुढे कॉल आणि फोल्ड एवढेच पर्याय दिसतात. रेजला दोनच कारणं असतात: तुमच्यापेक्षा कमी हात पैसे देतील म्हणून, किंवा तुमच्यापेक्षा चांगले हात पळतील म्हणून. दुर्री पडलेल्या रिव्हरवर राणीच्या जोडीने रेज केलं तर? सेट पळणार नाही, हुकलेला ड्रॉ पैसे देणार नाही. दोन्ही कारणं नाहीत, म्हणून तिथे रेज चूक, कॉल बरोबर. हातात अठ्ठ्यांचा सेट असता तर राणीवाले काही लोक पैसे देतात, तिथे नुसता कॉल म्हणजे पैसे सोडणं. रिव्हरवर रेजचं बटन दाबण्याआधी कोण कमी हात घेऊन कॉल करेल, त्यांची नावं मनात घ्या. दोन-तीन हातही सुचत नसतील तर रेज करू नका.

रिव्हरच्या आधीच्या टप्प्यांवर रेजला तिसरी ताकद मिळते, ती ड्रॉची. समजा फ्लॉपला तुमच्याकडे इस्पिकच्या चार पानांचा ड्रॉ आहे, पॉट ६००, समोरच्याने ४०० लावले. किंमत २८-२९ टक्के. टर्नला इस्पिक पडायची शक्यता नऊ भागिले सत्तेचाळीस, १९ टक्के. नुसत्या पॉटवर बघितलं तर कॉल तोट्याचा. लोक इथे 'आउट्स (हात पूर्ण करणारी उरलेली पानं) गुणिले चार' लावून ३६ टक्के काढतात आणि खुशाल कॉल करतात. गुणिले चार तेव्हाच, जेव्हा दोन्ही पानं बघायची किंमत एकदाच द्यायची असते, म्हणजे ऑल-इन (सगळ्या चिपा लावलेल्या) असताना. टर्नला परत बेट येणार असेल तर गुणिले दोन. उरलेली तूट भरून निघते ती दोन मार्गांनी. एक, लागल्यावर समोरचा पुढे आणखी पैसे देईल म्हणून. त्यासाठी दोघांच्या मागे पुरेशा चिपा हव्यात, आणि ड्रॉ वरचा हवा. पंजी-चौकीचा फ्लश लागून समोर राजाचा फ्लश निघाला तर उलट जास्त जातं.

दुसरा मार्ग रेजचा. त्याच जागी तुमच्याकडे १,६०० च असतील आणि तुम्ही सगळे लावलेत असं धरा. समोरचा दहातून चारदा सोडतो. तेव्हा १,००० चा पॉट तुमचा. सहादा कॉल करतो, पॉट ३,८०० होतो आणि तुमचा फ्लश दोन पानांत ३५ टक्के वेळा लागतो. कॉल झाल्यावर सरासरी २७० चा तोटा, पण सोडल्यावरची कमाई मिळवली तर एकूण डावाला साधारण २४० चा फायदा. कॉल तोट्याचा असलेल्या हाताने रेज फायद्याचं होतं. तीन पत्तीत हे दिसत नाही, कारण तिथे हात सुधारतच नाही. मात्र हे सगळं 'दहातून चारदा सोडतो' यावर टांगलेलं आहे. जो माणूस कुठल्याही जोडीला चिकटून राहतो त्याच्यासमोर हाच रेज पैसे जाळतो. फुकटच्या चिपांच्या टेबलांवर असेच लोक जास्त असतात. तिथे ब्लफ जवळजवळ बंद ठेवा आणि चांगल्या हाताला मोठ्या बेट लावा.

फोल्डबद्दल एवढंच म्हणतो की पॉटमध्ये आधी टाकलेल्या चिपा आता तुमच्या नाहीत. तुम्ही लिहिलंय, 'बाराशे घातल्यावर सोडायचं जिवावर आलं.' ते बाराशे पॉटच्या आकारात आधीच मोजले गेलेत, किंमत काढताना परत मोजू नका. सहा जणांच्या टेबलावर चांगले खेळणारे फ्लॉपच्या आधीच चारातले तीन हात टाकून देतात. त्यांचं अर्धं कौशल्य या टाकण्यात आहे आणि ते कोणाला दिसत नाही.

सारखं फोल्ड केलं तर लोक ब्लफ करून खाणार नाहीत का? खातील, पण कोण खाणार ते बघा. अर्ध्या पॉटचा ब्लफ तीनातून एकदा चालला तरी बरोबरीत सुटतो, पॉटएवढा ब्लफ दोनातून एकदा. म्हणून सिद्धांताने अर्ध्या पॉटच्या बेटसमोर आपले दोन तृतीयांश हात टिकवायला हवेत. कार्नेगी मेलन विद्यापीठात तुओमास सँडहोम आणि नोम ब्राऊन यांनी बनवलेल्या लिब्राटस या प्रोग्रॅमने जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्गच्या कॅसिनोत चार कसलेल्या व्यावसायिकांना १,२०,००० डावांत हरवलं ते असल्या समतोलाच्या जोरावर. पॉटपेक्षा कितीतरी मोठ्या बेट तो निःशंक लावायचा आणि त्यात ब्लफ किती, खरे किती, याचा थांग समोरच्यांना लागायचा नाही. पण तुमच्या टेबलावर लिब्राटस बसलेला नाही. लहान रकमांच्या आणि फुकटच्या टेबलांवर लोक टर्नपर्यंत गप्प राहून रिव्हरला मोठी बेट क्वचितच ब्लफ म्हणून लावतात. तिथे सिद्धांतापेक्षा जास्त फोल्ड करणं हाच जास्त नफ्याचा खेळ आहे. टर्नला आलेला लहानसा चेक-रेज (आधी चेक, मग तुमच्या बेटवर रेज) तर त्याहून गंभीर समजा. दिसायला स्वस्त, पण मागे बहुतेक वेळा टू पेअर किंवा सेट असतो.

फ्लॉपच्या आधीचं झटपट सांगतो. तुमच्या आधी कोणीच पॉटमध्ये आलं नसेल तर रेज किंवा फोल्ड, नुसते १०० देऊन आत शिरणं (लिंप) नाही. त्याच ब्राऊन-सँडहोम जोडीचा २०१९ चा प्लुरिबस हा सहा जणांत खेळणारा प्रोग्रॅम स्वतःशीच खेळून याच निष्कर्षाला आला: स्मॉल ब्लाइंड सोडून कुठूनही लिंप करणं तोट्याचं. पैशांच्या टेबलावर आणखी एक कारण असतं. बहुतेक साइट फ्लॉप पडला नाही तर पॉटमधून कमिशन कापत नाहीत, त्यामुळे जागच्या जागी जिंकलेला पॉट पूर्ण तुमचा. बिग ब्लाइंडला मात्र कॉलची किंमत चांगली मिळते. बटनने २५० केले, स्मॉल ब्लाइंड गेला, तर १५० देऊन ५५० च्या पॉटसाठी २७ टक्के लागतात. तिथे बरेच हात खेळता येतात, पण फ्लॉपनंतर आधी बोलावं लागतं हे विसरू नका. लहान जोड्यांना फ्लॉपवर सेट साडेआठातून एकदाच लागतो. म्हणून कॉल करताना समोरच्याकडे कॉलच्या पंधरा-वीस पट चिपा मागे आहेत का ते बघायचं, नसतील तर सोडायचं.

ऑनलाइन खेळताना चेहरा नसतो, पण खुणा असतात. एखाद्याने पंधरा-वीस डावांत दहा खेळले आणि एकदाही रेज केलं नाही, तर तो कॉल करणारा आहे. त्याला ब्लफ नको, आणि त्याने अचानक रेज केलं तर टॉप पेअर गुपचूप टाका. क्षणार्धात आलेला कॉल बहुतेकदा ड्रॉ किंवा मधला हात सांगतो, कारण मोठा हात असता तर रेज करावं का याचा विचार करायला दोन क्षण गेले असते. पण समोरचा चार टेबलं एकदम खेळत असेल तर वेळेवरून काढलेला अंदाज फसतो, म्हणून याला मी किमतीच्या आणि वाटेच्या खालचं स्थान देतो. तुमच्या स्वतःच्या बोटाचं मात्र सांगतो: टाइम बँक (विचारासाठी मिळणारा जादा वेळ) असते ती वापरण्यासाठीच. पॉटच्या निम्म्याहून मोठी प्रत्येक बेट आली की मनात किंमत उच्चारायची, मगच बटन. डाव चालू असताना गणित करून देणारी सॉफ्टवेअरं जवळपास सगळ्या साइटवर निषिद्ध आहेत आणि ती वापरून खेळणं ही सरळ फसवणूक आहे. अभ्यासाला ती उत्तम, टेबलावर नाही.

टुर्नामेंटचं गणित थोडं वेगळं. तिथे चिप म्हणजे पैसा नव्हे. तुम्ही जिंकलेली चिप हरलेल्या चिपेपेक्षा कमी मोलाची असते, कारण बाहेर पडलात की डाव संपला. बक्षिसांच्या उंबरठ्यावर कॉलसाठी हात आणखी चांगला लागतो, तर ऑल-इन करणाऱ्याचं फावतं. दहा-बारा ब्लाइंडपेक्षा कमी चिपा उरल्या की कॉल जवळजवळ विसरा, सगळे लावा किंवा सोडा.

शेवटी तुम्ही विचारलंत, पैशांच्या टेबलावर कधी उतरू? भारतात राहून ऑनलाइन, आजच्या घडीला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आहे, खेळ कौशल्याचा आहे की नशिबाचा हा भेद न करता. देशातल्या मोठ्या पोकर साइटनी त्याच महिन्यात रोख टेबलं बंद केली. व्हीपीएन लावून बाहेरच्या साइटवर जा, असं सांगणारे भेटतील. तिथे पैसे अडकले तर दाद मागायला जागा नाही, मी कळकळीने नको म्हणेन. गोव्यात मांडवीतल्या कॅसिनोंची टेबलं राज्याच्या कायद्याखाली चालतात. तिथे वयाची एकवीस पूर्ण लागतात आणि डाव ऑनलाइनपेक्षा निम्म्याहून कमी वेगाने चालतात. गेलात तर जेवढे गेले तरी घरच्या हिशेबात फरक पडणार नाही तेवढेच न्या. उसने, हप्त्यांचे, फीचे कधीच नाही. कारण बरोबर निर्णय घेऊनही माणूस आठवडेच्या आठवडे हरतो, हे या खेळात नेहमीचं आहे. ते सहन करायला खिसा आणि मन दोन्ही मोकळं लागतं. फुकटच्या टेबलांवर आणि मित्रांबरोबर बसून विचार करण्याचं सगळं कौशल्य कमावता येतं, त्यात काही कमी पडत नाही.

आता तुमचा दुसरा डाव. ब्लाइंड ५०-१००, सगळ्यांकडे ४,००० च्या आसपास. बटनच्या आधीच्याने २५० केले, बटनने कॉल केला, तुम्ही स्मॉल ब्लाइंडला एक्का-राजा वेगवेगळ्या रंगांचा घेऊन 'सांभाळून' कॉल केलात, बिग ब्लाइंडही आला. चौघांत फ्लॉप सत्ती-सत्ती-चौकी, तुमचा हात कोरा, आणि पहिलं बोलायचं तुम्हीच. तिथे पुढे काहीही केलं असतं तरी अवघडच होतं. गाडी आधीच चुकली होती. या जागी रेज, साधारण १,२०० पर्यंत. तुमच्या हातात एक एक्का आणि एक राजा असल्यामुळे समोर एक्क्यांची जोडी सहाऐवजी तीनच प्रकारे येऊ शकते, राजांचीही तीनच. दोघेही बऱ्याचदा सोडून देतील आणि मधले सहाशे-साडेसहाशे न झगडता तुमचे. पहिल्या माणसाने उलट सगळे ४,००० लावले तर? तुम्हाला २,८०० द्यायचे, पॉट होणार ८,३५०, किंमत साडेतेहतीस टक्के. तो फक्त एक्के, राजे, राण्या आणि एक्का-राजा एवढ्यावरच हे करतो असं अगदी घट्ट धरलं, तर कॉम्बो तीन, तीन, सहा आणि नऊ. त्यांच्यासमोर तुमचा हिस्सा अनुक्रमे सात, तीस, त्रेचाळीस आणि पन्नास टक्क्यांच्या आसपास. सरासरी एकोणचाळीस निघते. कॉल करा, आणि दहातून सहा वेळा तो पॉट गेला तरी पुढच्या वेळी परत तसाच कॉल करा.